अर्ध्यावर सोडलेली दमयंती



दिवसभर वैशाखाच्या उन्हात भाजून निघाल्यावर संध्याकाळी आपण येथे येता, तेव्हा वक्त्याने काही गोड ऐकवावे, ही अपेक्षा रास्तच आहे. म्हणून आज आम्ही एक प्रेमकथा घेतली आहे, नल-दमयंतीची. मात्र तिच्याविषयी आमची एक तक्रार आहे, आणि ती माहेरच्या माणसांची तक्रार आहे. दमयंती ही विदर्भाची राजकन्या, कुंडिनपूरच्या भीमराजाची लेक. अमरावती जिल्ह्यातले वर्धाकाठचे कौंडण्यपूर ते हेच, अशी परंपरा आहे. आपण वैनगंगेकाठचे असलो तरी विदर्भाचेच. तेव्हा लेकीची बाजू मांडण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

एखादी जोडी लोकांच्या मनात भरली, की मूळ कथेने त्यांचे समाधान होत नाही. ते तिच्या नव्या कथा रचतात. आजची तरुण मुले याला फॅन फिक्शन म्हणतात. नाव नवे, पण खोड जुनी. आणि या खोडीत एक गोष्ट हमखास घडते: जोडी दोघांची असते, पण रचणाऱ्याचा जीव एकावरच जडतो. दुसऱ्याच्या वाट्याला उरते ते केवळ सोबत करणे.

नल-दमयंतीच्या बाबतीत काय झाले, ते पाहा. मूळ कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. पुढे दहाव्या शतकात त्रिविक्रमभट्टाने ‘नलचंपू’ रचला. तो स्वयंवरापर्यंतही पोहोचत नाही. बाराव्या शतकात श्रीहर्षाने बावीस सर्गांचे ‘नैषधीयचरित’ लिहिले. नावच निषधराजा नलाचे, आणि कथा विवाहसुखापाशी संपते. आपल्या मराठीत सतराव्या शतकात रघुनाथपंडिताने या कथेला हात घातला, तोही स्वयंवराख्यानासाठी. राजा रविवर्म्याचे 1899 चे चित्र प्रसिद्धच आहे: दमयंती उभी आहे आणि हंसाकडून नलाची स्तुती ऐकते आहे. दमयंती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ही ऐकणारी मुलगीच येते.

पण मूळ कथेतली दमयंती ऐकत बसणारी नाही. स्वयंवरात चार देव नलाचेच रूप घेऊन बसले. देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, सावली पडत नाही, एवढ्यावरून तिने आपला माणूस ओळखला. नल द्यूतात राज्य घालवू लागला, तेव्हा वार्ष्णेय सारथ्याला बोलावून तिने दोन्ही मुले वेळेवर माहेरी पाठवली. नलाने तिचे अर्धे वस्त्र कापून घेतले आणि तिला रानात निजलेली टाकून तो निघून गेला. ती अजगरातून वाचली, व्याधाच्या हातून सुटली, चेदी नगरीत दासी होऊन राहिली आणि शेवटी माहेरी पोहोचली.

तेथेही ती रडत बसली नाही. तिने चौफेर ब्राह्मण पाठवले. अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे कोणी बाहुक नावाचा सारथी आहे, हे कळताच तिने वडिलांच्या नकळत खोट्या दुसऱ्या स्वयंवराचा निरोप धाडला, आणि मुदत दिली एका दिवसाची. कारण एवढ्या वेळात घोडे आणू शकेल असा एकच माणूस पृथ्वीवर होता. एवढी मोठी मसलत ज्या कथेत आहे, ती सोडून आमचे कवी हंसापाशीच का रमले?

आता नलाकडे पाहा. त्याच्या अंगात कली शिरला होता, म्हणून तो खेळला, म्हणून त्याने बायको टाकली. त्याला सबब मिळाली आहे. दमयंतीला तसे कोणी मिळाले नाही. भेट झाली तेव्हा नलाने तिलाच जाब विचारला, आणि आपण निर्दोष असल्याची शपथ वाहण्याची पाळी टाकलेल्या बायकोवर आली. साक्ष द्यायला वायूला यावे लागले. म्हणजे दोष सगळा नंतरच्या कवींचा नाही. बृहदश्व ऋषींनी ही कथा सांगितली तीच द्यूतात हरलेल्या युधिष्ठिराचे सांत्वन करण्यासाठी. त्याच वनात द्रौपदीही होती. तिच्यासाठी सांगितली असती, तर याच कथेचा जोर कोठे पडला असता?

कोणी म्हणेल, कवीने कोणता प्रसंग घ्यावा ही त्याची मर्जी. मान्य आहे, श्रीहर्षाच्या शृंगाराशी आमचे भांडण नाही. पण शतकानुशतके मर्जी एकाच बाजूला झुकली, की तिची रीत होते, आणि ती रीत घरात शिरते. नवऱ्याने जुगारात वा दारूत घालवलेला संसार धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणारी बाई सावरते, तेव्हा आपण तिला ‘सोशीक’ म्हणतो. तिने हिशेब केला, वाट शोधली, माणसे जोडली, हे आपल्याला दिसत नाही. जी अक्कल आपण दमयंतीत पाहिली नाही, ती शेजारणीत कशी दिसणार?

आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, रात्र रात्र दंडार आणि नाटके चालतात, आणि समोर बाया लेकरे मांडीवर घेऊन बसतात. तेथे लिहिणाऱ्यांना आमची विनंती आहे: हंसाचा प्रवेश अवश्य ठेवा, तो गोडच आहे. पण पडदा तेथे टाकू नका. अर्ध्या वस्त्रानिशी जागी झालेली बाई कुंडिनपूरला पोहोचेपर्यंत आणि नवरा हुडकून काढीपर्यंत नाटक चालू द्या. पहाट झाली तरी प्रेक्षक उठणार नाहीत, अशी आमची खात्री आहे.