आमवात आणि त्यावरील नवे उपचार

दासगाव-महाडच्या पट्ट्यात सांधा दुखू लागला की त्याला एकच नाव मिळते : वात. गुडघा दुखला, वात. कंबर धरली, वात. बोटे सुजली तरी वातच. नाव एक झाले की उपायही एकच होतो. आधी घरचे तेल, मग कोणी सांगितलेला काढा, आणि तेवढ्याने भागले नाही तर सावित्रीच्या काठी सवला जाऊन तिथल्या कढत झऱ्यांत अंग शेकून येणे. यात चूक काही नाही. परंतु श्रोतेहो, एका नावाखाली निदान दोन अगदी वेगळी दुखणी इथे एकत्र नांदत आहेत, आणि त्यांतल्या एकाला वेळेवर ओळखले नाही तर माणसाचे हात कायमचे जातात. आज बोलावयाचे आहे ते त्या दुसऱ्या दुखण्याविषयी, आमवाताविषयी.

मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकवितो. तेव्हा या भाषणातून कोणी नाडीपरीक्षेची अपेक्षा करू नये. पण औषधांनाही इतिहास असतो, आणि आमवाताच्या औषधांचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे.

प्रथम दोन दुखण्यांतला फरक पाहू. आयुष्यभर लावणीला वाकलेल्या, डोक्यावरून भारे वाहिलेल्या बाईचे गुडघे साठीला दुखतात. ती झीज आहे. चालले की दुखते, बसले की बरे वाटते. आमवाताची तऱ्हा उलटी. तो विश्रांतीनंतर छळतो. सकाळी उठल्यावर हात आखडलेले असतात. मूठ वळत नाही, कळशीचे काठ पकडवत नाहीत, भाकरी थापता येत नाही. आणि हे पाच-दहा मिनिटे नव्हे. तासभर, कधी दोन तास. मग दिवस वर येतो तसे हात सैल होतात, आणि घरची माणसे म्हणतात, "बघ, आता कशी कामाला लागलीस! सकाळी नुसती ढोंगं." दुखणे बोटांच्या मुळांशी, मनगटात, पायाच्या चवड्यात असते, बहुधा दोन्ही बाजूंना सारखे, आणि सांध्यावर मऊ सूज असते. हा विकार पुरुषांपेक्षा बायकांत दोन-तीन पटींनी अधिक, आणि म्हातारपणाची वाट न पाहता तो तिशी-चाळिशीतही गाठतो.

शरीरात होते ते असे. रोगजंतूंशी लढण्यासाठी रक्तात जी यंत्रणा असते, ती काही कारणाने सांध्यांच्या आतल्या नाजूक अस्तरालाच परके समजू लागते. ते अस्तर सुजते, जाड होते, आणि हळूहळू शेजारची कूर्चा व हाड खाऊ लागते. हाड एकदा खाल्ले गेले की ते परत येत नाही. म्हणून या रोगात पहिल्या काही महिन्यांना मोल आहे. सूज दिसल्यापासून तीन-सहा महिन्यांच्या आत योग्य औषध सुरू झाले तर सांधे पुष्कळदा वाचतात. दोन वर्षे तेल चोळण्यात गेली तर बोटे वाकडी होऊ लागलेली असतात.

आमवात हे नाव आपल्याकडे जुने आहे. माधवकराच्या माधवनिदानात, म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी, आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातला आमवात आणि डॉक्टरांचा 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे तंतोतंत एकच, असा हट्ट मी धरणार नाही. पण 'सगळा वात एक नव्हे' हे त्या ग्रंथकाराला कळले होते, आणि आपण ते विसरलो, एवढे म्हणावयास हरकत नाही. युरोपात या रोगाला त्याचे आजचे इंग्रजी नाव लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ साली दिले.

आता औषधांकडे वळू. १९२९ च्या सुमारास फ्रान्सच्या झाक फोरेस्तिए यांनी सोन्याच्या क्षारांची सुई द्यावयास आरंभ केला. त्यांची समजूत अशी, की हा रोग क्षयाच्या जातीचा असावा. समजूत चुकीची निघाली. पण काही रोग्यांना गुण मात्र आला, आणि सोने पुढे कित्येक दशके टिकले! आता ते जवळजवळ मागे पडले आहे.

खरी खळबळ उडाली ती १९४८ च्या सप्टेंबरात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती : आमवाताच्या रोग्याला कावीळ झाली, किंवा बाईला दिवस गेले, की सांधे काही काळ आपोआप निवतात. म्हणजे शरीरातच असे काही द्रव्य असले पाहिजे. त्यांचे सहकारी केंडॉल यांनी मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथींतून जी द्रव्ये वेगळी काढली होती, त्यांतले एक हेंच यांनी एकोणतीस वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला टोचले. काही दिवसांत ती उठून चालू लागली. हेच कॉर्टिझोन. १९५० साली हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइकस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वर्तमानपत्रांना वाटले, आमवात जिंकला. पण औषध थांबताच दुखणे परत येई, आणि चालू ठेवावे तर चेहरा सुजे, हाडे ठिसूळ होत, साखर वाढे.

हे सविस्तर सांगण्याला कारण आहे. आमच्या वाडीतल्या एका काकूंनी बाजारात येणाऱ्या एका इसमाकडून 'झाडपाल्याची' पुडी घेतली. तिसऱ्या दिवशी काकू टुणटुणीत! गावभर त्या पुडीची कीर्ती झाली. चार महिन्यांत काकूंचे तोंड पुरीसारखे फुगले, आणि पुडी संपली त्या आठवड्यात त्यांना उठून बसता येईना. पुढे ज्या डॉक्टरांनी त्यांना तपासले, त्यांनी चेहरा पाहूनच विचारले, "पुडी कोणी दिली?" झाडपाल्यात स्टिरॉइडची गोळी कुटून घालावयाची, ही लबाडी जुनी आहे. तेव्हा वर्षानुवर्षांचे सांधे दोन-तीन दिवसांत ठणठणीत करणारी, नाव-गाव नसलेली पुडी दिसली तर आनंदाआधी संशय यावा. आणि अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम बंदही करू नये. डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू सोडावी. स्टिरॉइड हे काही विष नव्हे. जाणता डॉक्टर ते थोडे, थोडे दिवस, दुसरे औषध लागू पडेपर्यंत देतो.

ते दुसरे औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट, आणि त्याच्या कथेत एक भारतीय माणूस आहे. आंध्रात भीमावरमला १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेचे संशोधनप्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाला अडविणारी औषधे तयार झाली, आणि त्यांतल्या एकाने १९४८ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना काही काळ उतार पाडून दाखविला. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. १९५१ मध्ये गबनर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी तेच औषध आमवाताच्या थोड्या रोग्यांना देऊन पाहिले, आणि सांध्यांची सूज उतरली. पण त्या दिवसांत सारे जग कॉर्टिझोनच्या नादी लागलेले होते. कोणी लक्ष दिले नाही. त्याच्या जवळच्या नात्यातले मेथोट्रेक्सेट थोड्या मात्रेत, आठवड्यातून एकदा दिले असता आमवात आटोक्यात येतो, हे रीतसर चाचण्यांनी सिद्ध व्हावयास १९८५ उजाडले. चौतीस वर्षे! तेवढ्या काळात किती बोटे वाकली असतील त्याचा हिशेब कोण देणार?

आजही जगभर आमवाताचा पहिला उपचार बहुतेक हाच आहे. तो स्वस्त आहे. मात्र एक गोष्ट मी पुन्हापुन्हा सांगणार. ही गोळी आठवड्यातून एकदाच. रोज नव्हे. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. वार ठरवावा, भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करावी, आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही तो वार ठाऊक असावा. डॉक्टर सोबत फॉलिक ॲसिडची गोळी देतात, ती टाळू नये. रक्त व यकृत यांची तपासणी ठरल्या वेळी करून घ्यावी, दारू वर्ज्य करावी, आणि मूल हवे असलेल्या बाईने हे औषध मुळीच घेऊ नये. आधी डॉक्टरांशी बोलावे. गुण यावयास सहा ते बारा आठवडे लागतात. पुडीवाल्याचा धंदा चालतो तो नेमका याच आठवड्यांत.

मेथोट्रेक्सेटने भागले नाही तर पुढची पायरी आहे. तिथेही आपल्याकडचा एक माणूस भेटतो. लुधियान्यास १९३७ साली जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी लंडनमध्ये दाखवून दिले, की सुजलेल्या सांध्यातल्या आगीला 'टीएनएफ' नावाचे एक द्रव्य सतत इंधन पुरविते. १९९२ साली त्यांनी ते द्रव्य अडविणारे औषध प्रथम रोग्यांना दिले, आणि त्यातून अगदी नव्या जातीची औषधे निघाली. ती महाग आहेत. तथापि त्यांतल्या एकाची, अडालिमुमॅबची, भारतीय बनावटीची आवृत्ती अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने २०१४ साली काढली. ही औषधे देण्याआधी छातीचा फोटो व क्षयाची तपासणी आवश्यक असते, कारण अंगात निजलेला क्षय त्यांच्यामुळे जागा होऊ शकतो. आणि निजलेला क्षय आपल्याकडे घरोघर आहे. अलीकडे तोंडाने घ्यावयाच्या नव्या गोळ्याही निघाल्या आहेत. त्यांतल्या टोफासिटिनिबला अमेरिकेत २०१२ साली परवानगी मिळाली, आणि २०२१ मध्ये तिथल्याच औषध-प्रशासनाने हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या व कर्करोग यांविषयी कडक इशारा जोडला. नवे ते सारे चांगले, असे औषधांच्या बाबतीत तरी समजू नये.

आयुर्वेदाचे काय, असे आपण विचाराल. कोइमतूरला झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४३ रोग्यांचे तीन गट केले : एकाला आयुर्वेदीय औषधे, एकाला मेथोट्रेक्सेट, एकाला दोन्ही. कोणाला काय मिळते ते रोग्यांना कळू दिले नव्हते. ३६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांत गुण साधारण सारखाच दिसला. पण ४३ माणसांवरून निकाल लावता येत नाही, हे करणाऱ्यांनीच नमूद केले आहे. याच रीतीने मोठ्या चाचण्या झाल्या पाहिजेत. वैद्यांनी त्यांना भिऊ नये, आणि डॉक्टरांनी हसू नये.

संशोधन म्हणजे लंडन-अमेरिकेचेच काम, असेही नव्हे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढ माणसांची विचारपूस केली. शंभरांत अठरा माणसांना सांध्यांची किंवा स्नायूंची काही ना काही तक्रार निघाली. खरा आमवात मात्र शंभरांत अर्ध्याला. म्हणजे हजार प्रौढांच्या गावात साधारण पाच. एकशेऐंशी दुखणाऱ्यांच्या गर्दीत हे पाच हरवतात, आणि अडचण नेमकी हीच आहे. महाडकरांना तर दाखला घरचाच आहे. विंचूदंशावर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी इथे राहून जे काम केले, ते १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

हे पाच जण आधीच ओळखता येतील काय? काही अंशी, होय. सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षे आधी रक्तात एक खूण उमटू शकते. 'अँटी-सीसीपी' या नावाने ती तपासता येते. विडी-सिगारेटचा धूर या रोगाला पोसतो हे आता पक्के झाले आहे, आणि हिरड्यांच्या रोगाशी त्याचा संबंध काय यावर शोध चालू आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रक्तात ही खूण असलेल्या व सांधे दुखणाऱ्या, पण अद्याप सूज नसलेल्या २१३ माणसांपैकी निम्म्यांना वर्षभर अबाटासेप्ट नावाची सुई दिली. वर्षाअखेर औषधाच्या गटात शंभरी सहा जणांना रोग झाला, नुसत्या पाण्याची सुई घेतलेल्यांत एकोणतीस जणांना. औषध थांबवून आणखी एक वर्ष गेल्यावर हे आकडे पंचवीस आणि सदतीस झाले. म्हणजे रोग पुष्कळांच्या बाबतीत लांबला. टळला असे म्हणवत नाही.

मग सवचे पाणी? ऊन पाण्याने आखडलेला सांधा काही तास मोकळा होतो. त्याने अस्तराची आग विझत नाही. काकू अजून सवला जातात, आणि डॉक्टरांची त्याला ना नाही; गोळी चुकवू नका, एवढेच ते सांगतात. पावसाळी हवेत दुखणे वाढते हीही निव्वळ कल्पना नसावी. २०१९ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीत दमट हवा, हवेचा कमी दाब आणि जोराचा वारा यांच्याशी दुखण्याचे थोडेसे नाते आढळले.

आपल्याकडे मात्र पावसाचा त्रास दमट हवेपुरता नाही. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २०२१ च्या जुलैत महाड पाण्याखाली गेले. अशा वेळी औषधाचे दुकान उघडे नसते आणि रस्ताही नसतो. म्हणून आमवाताच्या रोग्याने मे महिन्यातच रक्त तपासून घ्यावे, आणि डॉक्टरांना विचारून दोन महिन्यांच्या गोळ्या घरात, माळ्यावर, कोरड्या डब्यात ठेवाव्या. पूर ओसरल्यावर चिखलातून वावरताना लेप्टोचा ताप येतो, हे आपणांस ठाऊक आहेच. कोणताही ताप चढला असेल तर त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी परस्पर घेऊ नये. आधी दवाखान्यात जावे, आणि 'मी ही गोळी घेते' हे डॉक्टरांना सर्वांत पहिल्याने सांगावे.