अक्षर नसलेले नाणे

(आंबोली येथे ग्रामस्थांपुढे झालेले भाषण)



ज्यास अक्षर येत नाही त्यास इतिहास नाही, असे आपणांस पिढ्यान्‌पिढ्या ऐकविण्यात आले. आज मी ज्या नाण्याविषयी बोलणार, ते या देशातील सर्वांत जुन्या नाण्यांपैकी आहे, आणि त्यावर एकही अक्षर नाही.

त्यास आहत नाणे म्हणतात; जुने नाव कार्षापण. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही रीत. चांदीचा पत्रा ठोकावयाचा, पट्ट्या कापून तुकडे पाडावयाचे, आणि वजन 32 गुंजांवर येईपर्यंत कोपरे छाटावयाचे. मग एकेक छाप निरनिराळ्या ठशाने ठोकावयाचा. मगधाच्या राज्यात पाच छापांची वहिवाट पडली: सूर्य, सहा आऱ्यांचे चक्र, हत्ती, बैल, कठड्यातले झाड, चंद्रकोर धरलेला डोंगर, अशी चिन्हे. राजाचे नाव नाही की मुखवटा नाही. चिन्हांच्या अर्थावरून विद्वान अजून भांडतात, भांडोत बापडे. बैल ओळखावयास शेतकऱ्यास शाळा लागते काय?

याच कार्षापण नावाने नाशिकच्या पांडवलेण्यांत एक हिशेब कोरला आहे. सुमारे 1900 वर्षांपूर्वी नहपान राजाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या खर्चासाठी 2000 कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा 1 व्याजाने ठेवले, आणि 1000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल कायमचे त्यांजकडेच राहावयाचे. राजाचा जावई ठेव ठेवावयास गेला तो माग चालविणाऱ्यांच्या दारी!

आता घाटाखालच्या गोव्यात 1907 साली जन्मलेल्या एका गणितज्ञाची गोष्ट. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तक्षशिलेस सापडलेली आहत नाणी काट्यावर एकेक तोलली. नाणे हातोहात फिरते, कनवटीस घासते, कणकण झिजते. पाठीवर पारखणाऱ्यांचे बारीक छाप जितके अधिक, तितके सरासरी वजन कमी, असे त्यांस आढळले. चलनातली अलीकडची नाणी तोलूनही त्यांनी झिजेचा नियम तपासला. अशा रीतीने कोणते नाणे आधीचे व कोणते मागाहूनचे, हे झिजेवरून लावता आले. ती झीज काही एकट्या राजाच्या बोटांनी झाली नाही. बाजारात मीठमिरची घेणाऱ्या हजारो हातांची ती आहे.

म्हणून विनंती एवढीच. नांगराच्या फाळास कोपरे छाटलेला चांदीचा तुकडा लागला, तर तो मुशीत घालू नका. चिंचेने घासून लखलखीतही करू नका. उरलेले वजन त्यात जाईल. जिल्हाधिकाऱ्यांकडे वर्दी द्या, आणि नाणे हातचे सोडण्यापूर्वी पावती मागून घ्या.