वहीला जागा
(वस्तीतल्या विहारात झालेल्या सभेतलं भाषण)

अध्यक्ष, दोस्तांनो आणि मागं दाराजवळ पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या बायांनो, सगळ्यांना जय भीम.

मला विषय दिलाय 'दलित स्त्री आणि साहित्यनिर्मिती'. मोठा शब्द आहे. मी आपली वहीवर बोलते. वही ठेवायची कुठं, उघडायची कधी आणि उघडली की पोराला धरायचं कोणी? माझी चार वर्षांची पोरगी आत्ता मागं बसलीय. तिला सांभाळायला घरी कोणी नव्हतं. ती रडली तर भाषण तिथंच थांबेल, हे आधीच सांगते.

आमची खोली दहा बाय सोळा. माणसं सहा. पाणी पहाटे पाचला येतं, सहाला जातं. पाणी भरणं, डबे, पोरांची शाळा, मग माझी ड्युटी. मी एका दवाखान्यात आया आहे. दिवसभर दुसऱ्यांची घाण काढायची, संध्याकाळी येऊन परत भाकऱ्या. रात्री अकराला सगळे झोपले की मी मोरीजवळ पाट टाकून बसते, कारण तिथला दिवा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. चार ओळी होतात. कधी दोनच. पोरगी झोपेत चाचपडते, आई हाताला लागत नाही, की टाहो फोडते. वही बंद.

दिवसा एखादं वाक्य सुचलं तर विसरू नये म्हणून मी ते भाकरी थापताना तोंडात घोळवत राहते. सासू विचारते, 'काय पुटपुटतीस गं?' मी म्हणते, 'हिशोब करतीया.' आता मोबाईल आलाय, त्यात लिहा, असं पोरं सांगतात. पण घरात मोबाईल एक आणि तो धाकट्याच्या हातात.

आता सांगते त्याचा कुणाला राग येईल. येऊ द्या. आमचे हे चळवळीतले. घरात कार्यकर्त्यांचा राबता. एका मोर्च्याच्या आदल्या रात्री आमच्याच खोलीत बैठक होती. मी ड्युटीवर. वर्गणीचा हिशोब लिहायला कागद हवा होता. फळीवर माझी वही दिसली. मागची कोरी पानं फाडली, ती संपल्यावर लिहिलेलीही फाडली आणि पाठीमागं हिशोब मांडला. त्या पानांवर माझ्या आईची गोष्ट होती. सफाईला जाताना ती मला झाडाला बांधलेल्या झोळीत ठेवायची, ती गोष्ट. दोन वर्षं लिहीत होते. मी विचारलं तेव्हा एक कॉम्रेड हसून म्हणाला, 'वहिनी, आम्हाला वाटलं किराण्याची वही आहे.'

त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण बाईच्या वहीत किराणाच असणार, हे त्याला वाचायच्या आधीच ठाऊक होतं. आपल्या बापजाद्यांना अक्षर नाकारलं त्या व्यवस्थेवर हाच भाऊ तासभर बोलतो. दोस्तांनो, ती व्यवस्था आमच्या फळीपर्यंत पोचली होती आणि तिला घरात घेऊन आलेली माणसं आपलीच होती.

फलटणच्या बेबीताई कांबळे आठवा. नवऱ्याच्या दुकानात बसून, पुडी बांधायच्या रद्दीतला मजकूर वाचत त्या लिहायला लागल्या. लिहिलेलं वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून आलं 1986 साली. शांताबाई कांबळे मास्तरीण होत्या. त्या निवृत्त झाल्यावर लिहायला बसल्या. त्यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' पुस्तकही 1986 चंच. आपण या बायांचा गौरव करतो, करायलाच पाहिजे. पण ती वीस वर्षं कुणी मोजली? तेवढ्या वर्षांत किती बायांच्या वह्या बंबात गेल्या असतील?

काहीजण म्हणतात, हा घरगुती प्रश्न आहे, चळवळीचा नाही. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यातल्या बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. बाळंतपण म्हणजे बाईचं खाजगी दुखणं, असं ते म्हणाले नाहीत. मग मूल वाढवणं तेवढं खाजगी कसं?

एका अंकासाठी मी कविता दिली होती, पोरीच्या तापावर. 'विद्रोह कमी पडतो' म्हणून परत आली. रात्री दोन वाजता तापलेलं पोर खांद्यावर टाकून दवाखान्याच्या दारात उभं राहायचं आणि वॉर्डबॉयनं आधी आडनाव विचारायचं. यात विद्रोह दिसत नसेल तर चष्मा बदला.

माझ्या मागण्या तीन. रविवारच्या बैठकीत चहा आणि पोरं पुरुषांनी आळीपाळीनं सांभाळायची, बायांनी पुढं बसायचं. वस्तीतल्या वाचनालयात एक कपाट आणि त्याची किल्ली बायांकडे, वह्या ठेवायला. आणि अंकात अर्ध्या पानाचं, पेन्सिलीनं लिहिलेलं, शुद्धलेखन चुकलेलं लिखाणही घ्यायचं. आम्हाला वेळ तुकड्यातुकड्यानं मिळतो, लिखाणही तसंच येणार.

आणि बायांनो, तुम्हाला एकच सांगते. सवड मिळेल तेव्हा लिहीन, असं म्हणू नका. सवड मिळत नाही, ती भांडून घ्यावी लागते. मी आईची गोष्ट परत लिहायला घेतलीय. वही आता उशाखाली असते. आमचे हे गुरुवारी आणि रविवारी रात्री पोरीला घेऊन झोपतात. दोन महिने भांडले, तेव्हा कुठं दोन रात्री मिळाल्या. अजून पाच बाकी आहेत.

पोरगी उठलीय. थांबते. जय भीम.