परसातील कोंबडी आणि रानातील अस्वल



परसातील पाचदहा कोंबड्या हा वरवर पाहता क्षुल्लक विषय वाटेल. परंतु वनालगतच्या गावात कोंबडी हा घरधनिणीच्या हातचा पैसा असतो. मुलांच्या वह्या, आजारपणातील औषध आणि अवचित आलेल्या पाहुण्याचा पाहुणचार या साऱ्यांची तरतूद बहुधा त्या खुराड्यातूनच होते. म्हणून एका रात्रीत खुराडे रिकामे झाले, की त्या घराचा आधारच तुटतो.

अशा वेळी संशयाची सुई अनेकदा अस्वलाकडे वळते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट व बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य या भागांत अस्वलाचा वावर आहे, हे खरे. मात्र कोणते अस्वल, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. उत्तर अमेरिकेतील काळी व तपकिरी अस्वले खुराडी फोडून कोंबड्या खातात. त्यामुळे अलास्का, मोंटाना या राज्यांत खुराड्याभोवती विद्युत्‌-कुंपण घालण्याचा सल्ला दिला जातो. आपले अस्वल निराळे. वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुले, तेंदू, जांभूळ व बोरे हा त्याचा मुख्य आहार. वाळवी ओढून घेता यावी म्हणून वरच्या जबड्यातील समोरचे मधले दोन दातही निसर्गाने त्याला दिलेले नाहीत. आपल्याकडे कोंबड्या पळविणारे चोर बहुधा रानमांजर, मुंगूस, कोल्हा किंवा बिबट्या हे असतात.

मग अस्वलाची चिंता करावयाचीच नाही काय? करावयाची, परंतु योग्य कारणासाठी. अस्वलाची दृष्टी मंद, पण घ्राणेंद्रिय अतिशय तीक्ष्ण असते. अंगणात वाळत घातलेली मोहाची फुले, उघडे धान्य, खरकटे आणि कोंबड्यांचा सांडलेला दाणा यांचा वास त्याला घरापर्यंत आणू शकतो. खुराड्यात गोंधळ उडाला म्हणून काठी घेऊन अंधारात धावणारा माणूस आणि दचकलेले अस्वल समोरासमोर आले, की अनर्थ ओढवतो. तेथे कोंबडीपेक्षा माणसाचाच जीव धोक्यात असतो.

यावरील उपाय साधे आहेत. खुराडे घराच्या भिंतीला लागून व जमिनीपासून उंच असावे. कोंबड्यांसाठी मिळणारी पातळ जाळी पिलांना आत ठेवते, श्वापदाला बाहेर ठेवत नाही. म्हणून अर्धा इंच भोकांची मजबूत लोखंडी जाळी वापरावी. खुराडे जमिनीवर असल्यास मुंगूस उकरून आत शिरू नये म्हणून ती फूटभर खोल पुरावी. दाराला कडीबरोबर खिळीही असावी आणि सूर्यास्तापूर्वी ते बंद व्हावे. दाणा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, सांडलेला दाणा सायंकाळी झाडून घ्यावा. मेलेले पक्षी खोल पुरावेत. वाळत घातलेला मोह रात्री अंगणात राहू देऊ नये. परसाभोवतीची झुडपे काढून टाकावीत.

आता एक गोष्ट मी आग्रहपूर्वक सांगतो. नुकसानीने संतापलेला माणूस कधी कधी घरातील विजेची तार थेट कुंपणाला जोडतो. याहून भयंकर चूक दुसरी नाही. मान्यताप्राप्त विद्युत्‌-कुंपणातील यंत्र सेकंदाला सुमारे एकदाच, तेही अत्यल्प क्षणाचा झटका देते. श्वापद घाबरून माघारी जाते, मरत नाही. घरगुती २३० व्होल्टच्या तारेतून मात्र प्रवाह अखंड वाहतो, आणि तो अस्वल, शेजाऱ्याचा बैल आणि आपलेच मूल यांत भेद करीत नाही. अशा तारांनी विदर्भात वन्य प्राण्यांप्रमाणेच माणसांचेही बळी घेतले आहेत. अस्वलाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि वीज चोरून घेणे हा २००३ च्या विद्युत कायद्यानुसार गुन्हा आहे. ज्यांना कुंपण हवे, त्यांनी सौर कुंपणाचा विचार करावा. २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून वनालगतच्या शेतकऱ्यांना त्यासाठी साहाय्य देण्यात आले आहे.

येथे आपणा सर्वांचे कर्तव्य सुरू होते. ग्रामपंचायतीने कचऱ्याचे ढीग वस्तीपासून दूर न्यावेत आणि एक आदर्श खुराडे उभारून दाखवावे. शिक्षकांनी मुलांना पाऊलखुणा ओळखावयास शिकवावे, म्हणजे खरा चोर कोण ते कळेल. ज्या योजनांतून पक्षी वाटले जातात, तेथील अधिकाऱ्यांनी पक्ष्यांबरोबर खुराड्याचाही विचार करावा. कारण निवाऱ्याविना दिलेला पक्षी हा श्वापदालाच दिलेला घास ठरतो. आणि अस्वल वस्तीत आलेच, तर घरात थांबून वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क दूरध्वनीवर कळवावे, हे घरोघरी पोहोचवावे.

रान आणि गाव यांचा शेजार जुना आहे व तो यापुढेही राहणार आहे. शेजाऱ्याला शत्रू न मानता आपले दार वेळेवर लावणे, हेच शहाणपणाचे. दिवेलागणीला खुराड्याची कडी लावण्याची सवय गावाला लागली, तर घरधनिणीचा पैसा वाचेल, अस्वल रानात सुखरूप राहील आणि माणसाचा जीवही वाचेल.