उताराची वाट
(ज्युबिलीप्रसंगी केलेले भाषण)



कफर्णहूम येथे गर्दीमुळे वाट मिळेना, तेव्हा चौघांनी पक्षाघाती मनुष्यास परत नेले नाही. छप्पर उकलून त्यास प्रभूपुढे सोडिले. कडावच्या पावसात निसरड्या पायऱ्यांच्या भयाने आपले वृद्ध व पंगू घरीच राहतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतींत धर्मकार्याच्या वास्तूही गणिल्या आहेत. सहा इंची चार पायऱ्या म्हणजे दोन फूट उंची. फुटास बारा फूट या मानाने चोवीस फूट उताराची वाट लागेल. तिची फरशी खरबरीत असावी व दोहों बाजूंस धरावयास कठडा असावा. ज्युबिलीच्या रोषणाईआधी ही वाट बांधावी, अशी आम्ही विनंती करितो. मग कोणासही दुसऱ्याच्या खांद्यावरून मिस्सेस यावे लागणार नाही. प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.