उंच वाढलेले कणीस

(वडवणी येथे प्राथमिक शिक्षकांसमोर झालेले भाषण)



मराठी समाजात एक गोष्ट मोठ्या चवीने सांगितली जाते. खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही. एक वर चढू लागला की बाकीचे त्याचे पाय धरून त्यास खाली ओढतात. आणि हे खेकडे मराठी असतात, एवढे सांगून झाले की श्रोते हसतात. त्या हसण्यात थोडी कबुली असते व बरीचशी सुटका. स्वभावच असा आहे म्हटले, म्हणजे कोणी काही करावयाचे उरत नाही.

परंतु ही खोड एकट्या मराठी माणसाची नव्हे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने एक हकीकत लिहून ठेविली आहे. कॉरिंथचा सत्ताधीश पेरिअँडर याने मिलेटसच्या थ्रॅसिब्यूलसाकडे दूत पाठवून राज्य कसे सांभाळावे अशी पृच्छा केली. थ्रॅसिब्यूलस दूतास घेऊन उभ्या पिकातून हिंडला. जे कणीस इतरांहून उंच दिसे, ते तो छाटून फेकून देई. उत्तर मात्र त्याने शब्दाने दिले नाही. दूतास काही उमगले नाही; पेरिअँडरास सारे उमगले. अलीकडे, 1933 साली, सांदेमूसे या लेखकाने एका कादंबरीत यांटे नावाचे गाव रंगविले. कोणी स्वतःस विशेष समजू नये, हाच त्या गावाचा अलिखित कायदा. ‘यांटेचा कायदा’ हा शब्दप्रयोग डेन्मार्क-नॉर्वेत आजही चालतो.

ज्वारीच्या मुलखात उंच कणसाचे काय करितात? बीड जिल्ह्यातील जुना शेतकरी खळ्यावर जाण्यापूर्वीच टपोरी, भरलेली कणसे निवडून बाजूला बांधून ठेवी. ते पुढील वर्षाचे बियाणे. मालदांडी ज्वारीचा प्रसिद्ध वाणदेखील मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून अशीच निवड करून तयार झाला. पिकाच्या बाबतीत जे शहाणपण बांधावरच्या निरक्षर माणसालाही होते, ते माणसाच्या बाबतीत सुचत नाही, हे नवल आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड हे त्यांचे गाव. सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर शंभराहून अधिक मैल पायी चालून साताऱ्यास गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यास परीक्षेला बसू दिले नाही. पुढे शिकून मोठा झाल्यावर त्यांनी गावासाठी मुरूड फंड उभारण्यात पुढाकार घेतला. तोवर गावाला त्यांचे कौतुक होते. 1893 साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, आणि त्याच मुरुडात त्यांच्यावर बहिष्कार पडला. स्वतःच्या घरी उतरणेदेखील घरच्या माणसांना संकटाचे झाले. 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. बहिष्कार आणि बहुमान यांत पासष्ट वर्षे गेली. पिकते तेथे विकत नाही, ही म्हण लोक विनोदाने वापरतात. ती एखाद्याच्या आयुष्यावर किती वर्षे पडून राहते, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही.

या चरित्रातील आणखी एक नाव शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे आहे : मुरूडचे सोमण मास्तर. गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम त्यांनी देवळात सुरू केले आणि ते या लाजाळू मुलाकडे सोपविले. मुलाची स्तुती करीत न बसता त्यांनी त्यास गावाच्या उपयोगाचे काम दिले. चारचौघांत मिसळून उंच होण्याची ही रीत गावालाही खुपली नाही.

गावाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. जेथे पेरणी, मळणी, लग्नकार्य, मयत ही एकमेकांच्या आधारावाचून पार पडत नव्हती, तेथे एकाचे वेगळेपण सर्वांनाच महाग पडे. शिवाय वर चढलेल्या माणसाने खालच्यांस तुडविल्याचा अनुभव गावाच्या गाठी असतो. तेव्हा मोठ्या माणसाविषयीचा प्रत्येक संशय म्हणजे मत्सरच, असे नव्हे. मात्र आठ वर्षांच्या मुलाने अजून कोणासही तुडविलेले नसते.

त्याच्या वाट्याला काय येते? ‘लई शहाणा झालास’, ‘शिंगं फुटली काय’, आणि सर्वांवर कडी म्हणजे अति शहाण्याचा रिकामा बैल. मुलगी धीटपणे बोलली की ती आगाऊ. हे शब्द घरी, पारावर व शाळेत सारखेच ऐकू येतात, आणि शिक्षकाच्या तोंडूनही निसटतात. मूल ते लवकर ओळखते. उत्तर येत असूनही हात मांडीखाली दाबून बसणारी मुलगी चौथीच्या वर्गात पुष्कळदा असते. तिची बुद्धी मंदावली असा शेरा पडतो. तिने ती लपविली आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरा अपाय कौतुकातून होतो. वडवणी परिसरातील कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर उसाच्या तोडीला जातात. काही मुले आईबापांच्या कोयत्याबरोबर जातात, काही आजीआजोबांपाशी वा हंगामी वसतिगृहात राहतात. अशांपैकी एखादे मूल गणितात पुढे निघाले की शिक्षक उत्साहाने म्हणतो, ‘फडावर जाऊन आलेला हा पोरगा बघा, आणि तुम्ही बघा.’ हेतू चांगला. परंतु त्या मुलाची काठी करून इतर एकोणतीस जणांना मारलेले असते. त्याची भरपाई तो शाळा सुटल्यावर रस्त्यात करतो. त्यापेक्षा, ‘हे उदाहरण तू निराळ्या रीतीने सोडविलेस, ती रीत फळ्यावर दाखव’, एवढे म्हटले तर रीत सर्वांची होते आणि मूल त्यांच्यातलेच राहते. घरी त्याची आई ‘शिकून कुठं मामलेदार होणार’ असे बोलली, तर तिलाही मत्सरी म्हणू नये. मुकादमाकडून उचल घेतलेल्या घराला आशा परवडत नाही; मूल चढून पडले तर काय, ही त्या बोलण्यामागची भीती असते.

आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांना लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटरची वाट तुडवावी लागे. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, जेथे 1998पासून या शर्यतीची सर्व पदके केनियाचेच धावपटू नेत असत, तेथे त्यांनी 3000 मीटर अडथळा शर्यतीत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळविले. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदाने हुकले. 2023 साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक घेतले. असा माणूस परत आला की सारा जिल्हा हार घेऊन उभा राहतो. वाटेवर धावणारे पोर दिसते तेव्हा मात्र हार कोणाजवळच नसतो.

राहता राहिली शिक्षकांची स्वतःची टोपली. कोणी सुटीत शाळेच्या भिंती रंगविल्या, कोणी मुलांकडून परिसरातील वनस्पतींचा संग्रह करविला, की सहकारी हसून विचारतात, ‘काय गुरुजी, यंदा आदर्श पुरस्कार का?’ एवढ्या एका वाक्याने कित्येक उपक्रम दुसऱ्या वर्षी बंद पडले असतील. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांचे वाचन होतेच. त्याआधी अर्धा तास अशा एका शिक्षकाने आपले काम मुलांच्या वह्यांसह मांडावे, इतरांनी त्यास अडचणी विचाराव्यात, आणि टाळ्या वा हार त्या वेळी नसावेत. पुढील बैठकीपासून हे करण्यास कोणाच्या मंजुरीची गरज नाही.