कलगी एकटी गात नाही

धान कापणीला आलं की आमच्या झाडीपट्टीत घरोघरी दोन हिशेब सुरू होतात. एक धानाचा आणि दुसरा मंडईचा. कोणत्या गावची मंडई कधी, रात्री तिथे नाटक आहे की दंडार, पाहुणे किती येतील, लेकीला आणायला कोण जाईल, हेच बोलणं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया हा आमचा धानाचा आणि झाडांचा मुलूख. इथे दिवाळीपासून होळीपर्यंत माणसं रात्री कमीच झोपतात. नाटक ठरवायला गावकरी वडशाला, म्हणजे देसाईगंजला जातात. २०२३ साली कुरखेडा तालुक्यातले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि झाडीपट्टीची रंगभूमी पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतही पोचली.

मला मात्र आज बोलायचं आहे खडी गंमतीबद्दल. तमाशाचंच हे आमच्याकडचं रूप. गाणारे उभे, वाजवणारेही उभे, म्हणून खडी. पुरुषच लुगडं नेसून नाचतो. आधी गण, मग गवळण, मग लावणी आणि रात्र चढली की सवाल-जवाब. एक पार्टी कलगीची, दुसरी तुऱ्याची. कलगीवाले शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. एकाने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवायचं. सांगतात की, या परंपरेच्या मुळाशी दोन साधू होते, तुकनगीर आणि शाह अली. एक हिंदू, एक मुसलमान. चंदेरीच्या राजाने एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. कथा खरी-खोटी कशीही असो, माझ्या लहानपणी मला तिचा फार आधार वाटे. कारण आमच्या गावच्या कलगी पार्टीत ढोलकी वाजवायचे ते माझे अब्बा.

अब्बा शिंपी. आठवडी बाजारात मशीन घेऊन बसत. घरात आमची बोली उर्दू-हिंदीच्या वळणाची, गल्लीत झाडीबोली. गणपतीचा गण सुरू झाला की पहिली थाप अब्बांची पडे. गंमत पहाटे सुटे आणि ते ढोलकी खांद्यावर घेऊन थेट फजरच्या नमाजाला जात. ढोलकी मशिदीच्या ओट्यावर ठेवत. यात कुणाला काही वेगळं वाटल्याचं मला आठवत नाही. पुढे बी.ए.ला असताना मी पेशवाईतल्या शाहीर सगनभाऊंबद्दल वाचलं, अमर शेखांबद्दल वाचलं, तेव्हा कळलं की अब्बा काही एकटे नव्हते.

लोक मला विचारतात, लोकगीतांच्या कोणत्या कॅसेटी तुम्हाला आवडतात? माझ्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात पहिला मान तुकडोजी महाराजांच्या खंजेरी भजनांचा. महाराज अमरावती जिल्ह्यातले, पण १९४२ साली चिमूर पेटलं त्यामागे त्यांच्या भजनांचाही वाटा होता. त्यासाठी त्यांना तुरुंगात जावं लागलं. एक माणूस आणि हातभर खंजेरी एवढं करू शकते! दुसरे अमर शेख. त्यांचा आवाज ऐकला की अजून पाठ ताठ होते. तिसरी कॅसेट प्रल्हाद शिंदे यांची. ती मी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर घेतली. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली होती. दरवर्षी तिथे मोठा मेळा भरतो आणि गाण्यांची दुकानं लागतात. भीमगीतं कव्वालीच्या चालीत ऐकताना माझी आई म्हणे, 'ही तर आपल्याच उरुसातली चाल!' चौथे विठ्ठल उमप. त्यांचं 'जांभूळ आख्यान' ऐकावं आणि पाहावंही.

पेटीत पाचवी कॅसेटही आहे. तिच्यावर नाव नाही. १९८७ साली शेजारच्या गावी आमच्या पार्टीचा तुरेवाल्यांशी सामना होता. मी मित्राचा टेपरेकॉर्डर मागून नेला आणि नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणली. चार वर्षांनी नभोवाणीवर माझी कविता पहिल्यांदा लागणार होती. घरात कोरी कॅसेट नव्हती. मी तीच लावली. माझी कविता चार मिनिटांची, पण आनंदाच्या भरात मी बटण बंद करायचं विसरलो. नंतर लागलेल्या बातम्या आणि बाजारभावही तिच्यावर भरले गेले. दुसऱ्या बाजूवर मी पुढे एक कविसंमेलन भरलं. आज तिच्यात अब्बांच्या ढोलकीची फक्त शेवटची सात मिनिटं उरली आहेत. अब्बा तेव्हा एवढंच म्हणाले, 'रेडिओ पर नाम आया ना, बस.' त्यांनी कॅसेटचं नाव पुन्हा काढलं नाही. ते गेल्यावर मला त्या गोष्टीची किंमत कळली.

अलीकडे मुलीने मोबाइलवर एका अमेरिकन गायकाची गोष्ट ऐकवली. मिसिसिपी जॉन हर्ट हा शेतात राबणारा काळा माणूस. १९२८ साली त्याच्या काही तबकड्या निघाल्या, खपल्या नाहीत, तो पुन्हा शेतीकडे वळला. १९५२ साली तिकडच्या जुन्या लोकगीतांचा एक मोठा संच निघाला, त्यात त्याची दोन गाणी होती. गायक जिवंत आहे की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या एका गाण्यात गावाचं नाव होतं. त्या नावावरून १९६३ साली एक तरुण शोधत गेला, तर म्हातारा गावातच होता. त्यानंतर त्याने तीन वर्षं हजारो लोकांपुढे गायलं. मला वाटलं, तबकडीचं खरं काम हेच. जिवंत गाणाऱ्याच्या दारापर्यंत नेणं. आमच्याकडे मात्र कॅसेट राहिली आणि दारं बंद होत चालली.

कारण शेजारगावचे तुऱ्याचे शाहीर मागच्या वर्षी गेले आणि त्यांची पार्टी मोडली. पावसाळ्यात आमच्या कलगी पार्टीची पोरं माझ्याकडे आली. म्हणाली, 'चाचा, सवाल तं आहेत, पन जवाब देनारा कोनी नाही. तुमी कवी आहा, तुमी लिहा.' मी मोठ्या ऐटीत बारा कडवी लिहून दिली. ढोलकीवाल्या पोराने ती दोनदा वाचली आणि संकोचत म्हणाला, 'चाचा, वाचाले बेस आहे, पन म्हनाले जमत नाही.'

तीन कवितासंग्रह झालेला मी, गप्प बसलो. मग ती सात मिनिटं काढली. रोज रात्री ऐकली. अब्बांची थाप कुठे थांबते, शाहीर कुठे श्वास घेतो, समोरच्याला शब्द झेलायला कुठे जागा ठेवतो, हे पन्नाशी उलटल्यावर शिकलो. मग नव्याने लिहिलं. बारातली पाच कडवी टिकली. पार्टीतल्या दहा पोरांपैकी पाचांनी आता तुरा बांधला आहे. हे काही खरं भांडण नव्हे, घरच्या घरातलं आहे. पण कलगी एकटी गात नाही. समोर कुणीतरी लागतंच.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याच गावी मंडई आहे, तिथे पहिला प्रयोग. नंतर नागभीडच्या बाजूला एक आणि वैनगंगा ओलांडून आरमोरीकडे एक. पौषात सिंदेवाहीच्या बाजूला शंकरपटाच्या रात्री चौथा. २०१४च्या बंदीनंतर पट थांबले, तेव्हा पटाच्या रात्रीही अंधारल्या होत्या. २०२१च्या शेवटी न्यायालयाने परवानगी दिली आणि त्या पुन्हा उजळल्या.

एक सूचना मात्र मनापासून. पूर्वी आम्ही मध्यरात्रीही बैलबंडीने, पायी परतत असू. आता आमच्याकडे वाघाची भीती खरी आहे. तेव्हा आलात तर उजाडेपर्यंत थांबा. घोंगडी आणा. गंमत तशीही पहाटेच सुटते.

कुणाकडे तुऱ्याच्या जुन्या जवाबांची वही असेल, तर तीही घेऊन या. आणि गाणं भरून घ्यायचं असेल, तर कृपा करून कोरी जागा पाहून भरा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)